तार न पाहता काढलेला नेटवर्कचा नकाशा

नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत एक दृश्य हमखास असतं. बटण दाबलं की पडद्यावर स्विच (तारांनी यंत्रं एकमेकांना जोडणारी पेटी), राउटर, सर्व्हर आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा आपोआप उमटतात. हल्ली त्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिक्काही मारतात. पण तार कुठल्याच सॉफ्टवेअरला दिसत नाही. पिंग केल्यावर, म्हणजे नेटवर्कवरून हाक दिल्यावर, एवढंच कळतं की अमुक पत्त्यावरचं यंत्र उत्तर देतंय. ते कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला (तार खोचायच्या जागेला) जोडलंय, याचा पत्ता लागत नाही. म्हणजे बिंदू मिळाले, रेषा नाहीत. रेषा हव्या असतील तर प्रत्येक यंत्राला त्याचे शेजारी विचारावे लागतात.

शेजाऱ्यांची ओळख ठेवायला एलएलडीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलण्याचा ठरलेला नियम, आहे (२००५ सालचं मानक, ८०२.१एबी). तो चालू असलेला स्विच साधारण दर ३० सेकंदांनी प्रत्येक पोर्टमधून एक छोटी फ्रेम (डेटाचं पाकीट) सोडतो: मी कोण, हे पोर्ट कोणतं आणि ही माहिती किती वेळ खरी मानायची. हा वेळ बहुधा १२० सेकंद असतो. पलीकडचा स्विच ही फ्रेम वाचतो आणि पुढे न पाठवता तिथेच थांबवतो. म्हणून नाव ऐकू आलं म्हणजे ते यंत्र बहुधा तारेच्या थेट दुसऱ्या टोकाला आहे. देखरेखीचं सॉफ्टवेअर एसएनएमपीने, म्हणजे यंत्रांकडून माहिती मागवण्याच्या प्रोटोकॉलने (यूडीपी पोर्ट १६१; हा पोर्ट तारेचा नव्हे, नुसता क्रमांक), या शेजाऱ्यांच्या याद्या गोळा करतं.

यादी हातात आली तरी काम संपत नाही. एकच तार दोन्ही टोकांकडून दोनदा कळते. एक स्विच पोर्टचं नाव पूर्ण सांगतो, दुसरा संक्षेपात, तर तिसरा नावाऐवजी मॅक पत्ता (हार्डवेअरचा ओळख क्रमांक) देतो. ही नावं आधी एका साच्यात आणली नाहीत, तर एका तारेच्या दोन रेषा होतात. चार तारा एकत्र बांधून एक जोडणी केली असेल तर चार वेगळे शेजार दिसतात, तेही एकत्र करावे लागतात.

आणि ज्या स्विचला एलएलडीपी येतच नाही त्याचं काय? इथे एक फार देखणा तर्क कामी येतो. आलेली फ्रेम कोणत्या मॅक पत्त्याची आणि कोणत्या पोर्टमधून आली, हे स्विच एका तक्त्यात टिपतो. समजा 'क' स्विचच्या २४ क्रमांकाच्या पोर्टमागे प, फ, ब ही यंत्रं दिसतात आणि 'ख' स्विचच्या १ क्रमांकाच्या पोर्टमागे च, छ, ज. दोन्ही याद्यांत एकही नाव सामाईक नाही आणि दोन्ही मिळून त्या व्हीलॅनमधली (नेटवर्कच्या त्या आभासी विभागातली) सगळी यंत्रं येतात. मग ही दोन पोर्ट समोरासमोर आहेत. मध्ये एखादा साधा, पत्ता नसलेला स्विच असेल आणि त्याला 'द' हे यंत्र जोडलेलं असेल, तर 'द' दोन्ही याद्यांत दिसेल, कारण ते दोघांच्याही पलीकडे आहे. म्हणजे ज्याला काही विचारता येत नाही, तो स्विच त्याच्यामागच्या यंत्रांमुळे सापडतो! मात्र त्याला एकही यंत्र जोडलेलं नसेल, तर तो या तर्कातून निसटतो.

हा तर्क मोडतो तो अपुऱ्या तक्त्यांमुळे. बहुतेक स्विचमध्ये ३०० सेकंद गप्प बसलेल्या यंत्राची नोंद पुसली जाते. म्हणून तक्ते वाचण्याच्या अगदी आधी सगळ्या पत्त्यांना पिंग करून यंत्रांना बोलतं करायचं. शिवाय तक्त्यातला पोर्ट क्रमांक हा ब्रिजचा (स्विचमधल्या फ्रेमा पुढे पाठवणाऱ्या भागाचा) क्रमांक असतो, इंटरफेसचा (स्विचच्या इतर याद्यांत त्याच पोर्टला दिलेला) नव्हे. दोघांची सांगड घालणारा वेगळा तक्ता वाचला नाही तर रेषा भलत्याच पोर्टला जाऊन चिकटते. आणखी एक फरक: स्पॅनिंग ट्रीने (डेटा गोल गोल फिरू नये म्हणून जादा वाटा बंद ठेवणाऱ्या प्रोटोकॉलने) अडवून ठेवलेली राखीव तार मॅक तक्त्यांत दिसत नाही, कारण तिच्यावरून डेटा जात नाही. एलएलडीपीच्या फ्रेमा मात्र तिच्यावरूनही जातात. त्यामुळे शक्य तिथे एलएलडीपी चालू करावाच.

बिंदूंची मांडणी बहुतेक वेळा स्प्रिंगच्या कल्पनेने होते. जोडलेले बिंदू एकमेकांना ओढतात, बाकी सगळे ढकलतात. ५०० यंत्रांच्या १,२४,७५० जोड्या होतात, म्हणून मोठा नकाशा रेंगाळतो. नवं यंत्र आलं की सगळं चित्र उड्या मारू नये, यासाठी जुन्या बिंदूंच्या जागा साठवून ठेवाव्यात.

रेषेवर वाहतुकीचा रंग चढवताना ३२ बिटांचा मोजक (पोर्टमधून गेलेले बाइट मोजणारा आकडा) वापरू नये. एक गिगाबिटच्या भरलेल्या तारेवर तो सुमारे ३४ सेकंदांत शून्यावर येतो आणि पाच मिनिटांनी वाचलेला आकडा निरर्थक ठरतो. ६४ बिटांचा मोजक घ्यावा.

नकाशाची खरी किंमत बिघाडाच्या वेळी कळते. एक स्विच पडला आणि त्यामागची ४० यंत्रं गप्प झाली, तर इशारा एकच हवा. त्यासाठी देखरेखीचा सर्व्हर स्वतः कुठे जोडलाय, हे नकाशात बिनचूक लागतं. वाट तिथूनच मोजायची असते. त्या वाटेवरचं पहिलं गप्प यंत्र 'बंद' आणि पलीकडची सगळी 'पोहोचता न येणारी' धरायची. म्हणूनच एखाद्या फेरीत शेजारी दिसला नाही म्हणून रेषा लगेच पुसू नये. ती तुटक करावी आणि शेवटची कधी दिसली ती वेळ तिच्यावर लिहावी. पुसली, तर ऐन बिघाडात तीच वाट नकाशातून नाहीशी होते.