कोरियात स्वयंसेवक म्हणून जायचंय? आधी स्वीकृतीपत्र, मग व्हिसा, तिकीट शेवटी

दक्षिण कोरियाच्या व्हिसाच्या यादीत ‘स्वयंसेवक’ असा सरळ रकाना सापडत नाही. पुण्या-मुंबईत कोरियन भाषेचे वर्ग करणारे, मालिका बघून तिथल्या खेड्यापाड्यांच्या प्रेमात पडलेले, सुट्टीत काहीतरी उपयोगाचं करून यावं असं वाटणारे बहुतेक जण इथेच अडखळतात. आधी स्वस्त तिकीट शोधायचं, मग व्हिसाचं बघायचं आणि काम कुठे मिळेल ते तिथे गेल्यावर ठरवायचं, असा बेत असतो. हा क्रम उलटा करा. तिथल्या संस्थेचं स्वीकृतीपत्र आधी हातात हवं, त्याला जुळणारा व्हिसा त्यानंतर, आणि तिकिटाचे पैसे सगळ्यात शेवटी भरायचे.

दोन गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेले बरे. कोरियाचा ‘वर्किंग हॉलिडे’ व्हिसा, म्हणजे एच-१, ठरावीक देशांशी झालेल्या करारांवर चालतो आणि त्या देशांत भारत नाही. ‘के-ईटीए’ ही ऑनलाइन पूर्वपरवानगी व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टला रीतसर व्हिसाच लागतो. त्यामुळे ‘भारतीयांना के-ईटीए मिळवून देतो’ म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर फोन ठेवून द्या.

वर्ककॅम्प: दोन-तीन आठवड्यांचा सरळ मार्ग

सुट्टी मर्यादित असेल तर वर्ककॅम्पइतका नीट बसवलेला दुसरा प्रकार नाही. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं फ्रान्समधल्या वर्दूंजवळचं एक गाव पुन्हा उभारायला १९२० मध्ये पियेर सेरेसोल या स्विस माणसाने वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक जमवले, तिथून ती सुरू झाली. आजही साचा तोच आहे. दहा-पंधरा जण, देश वेगवेगळे, एकत्र राहायचं, आळीपाळीने स्वयंपाक करायचा आणि गावाने ठरवलेलं काम करायचं. कोरियात हे काम खेड्यातल्या शाळकरी मुलांबरोबरच्या शिबिराचं असू शकतं, एखाद्या स्थानिक उत्सवाच्या तयारीचं किंवा शेताचं, किनाऱ्याच्या सफाईचंही. संध्याकाळी गावकऱ्यांसोबत जेवण असतं, आणि संस्कृतीचा खरा अनुभव तिथेच मिळतो. हानबोक हा पारंपरिक पोशाख भाड्याने घेऊन राजवाड्यासमोर फोटो काढणं कुठल्याही पर्यटकाला जमतं.

कोरियातल्या शिबिरांची व्यवस्था इंटरनॅशनल वर्ककॅम्प ऑर्गनायझेशनसारख्या संस्था बघतात. अर्ज मात्र सहसा थेट त्यांच्याकडे जात नाही. आपल्या देशातल्या भागीदार संस्थेमार्फत पाठवायचा असतो. बेंगळुरूची एफएसएल इंडिया ही अशा जाळ्यातली जुनी संस्था आहे. शिबिरांची यादी बघून दोन-तीन पसंत्या द्यायच्या आणि ‘व्हॉलंटियर एक्स्चेंज फॉर्म’ भरायचा. या फॉर्मला या वर्तुळात सगळे ‘व्हीईएफ’च म्हणतात. सर्वसाधारण अट वय १८ पूर्ण असण्याची आणि कामापुरतं इंग्रजी येण्याची. कोरियन येत असेल तर उत्तम, पण बहुतेक शिबिरांना ती अट नसते.

फॉर्ममधला महत्त्वाचा भाग म्हणजे ‘मोटिव्हेशन’चा परिच्छेद. तिथे अमुक बँड आवडतो, तमुक मालिका तीनदा बघितली, असं लिहिणारे ढिगाने असतात. त्यापेक्षा तुम्ही काय करू शकता ते लिहा. एनएसएसच्या शिबिरात श्रमदान केलंय, गणेशोत्सवात पन्नास जणांच्या पंगतीचं बघितलंय, लहान मुलांना चित्रकला शिकवता, लेझीम किंवा लावणी दाखवू शकता. शिबिराच्या आयोजकाला असा माणूस हवा असतो.

आहाराचा रकाना आपल्याकडचे लोक ‘व्हेज’ एवढं लिहून मोकळा करतात. तेवढ्याने भागत नाही. कोरियन भाजीच्या रश्श्यालाही सुक्या मासळीचं पाणी असतं आणि किमचीत, म्हणजे मसाला लावून आंबवलेल्या भाजीत, बहुधा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी पडते. म्हणून ‘मांस, मासे, मासळीचा रस्सा, फिश सॉस चालत नाही, अंडं चालतं’ किंवा ‘चालत नाही’ असं फोड करून लिहा. स्वयंपाक गटानेच करायचा असल्याने शाकाहारी माणसाचं निभतं, पण आधी सांगितलेलं असलं तर.

खर्चाचंही स्पष्ट असावं. नोंदणी शुल्क भारतातल्या संस्थेला भरायचं, काही शिबिरं तिथे पोहोचल्यावर वेगळी रक्कम घेतात. विमानाचं भाडं, विमा आणि व्हिसा तुमच्याकडे. राहणं आणि जेवण शिबिराकडे. याहून कितीतरी जास्त रक्कम मागून ‘कल्चर प्लस व्हॉलंटियरिंग पॅकेज’ विकणारे दलाल भेटतात. त्यांच्याकडे यजमान संस्थेचं नाव आणि पत्ता लेखी मागा. तो मिळाला नाही तर विषय संपला.

वेळापत्रकाची अडचण मात्र खरी आहे. कोरियातली बरीच शिबिरं तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांना धरून असतात, म्हणजे जुलैअखेर ते ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. आपली मोठी सुट्टी एप्रिल-मे-जूनची. त्यामुळे विद्यार्थ्यांना कॉलेजकडून रजेचं पत्र आधीच काढून ठेवावं लागतं, आणि ते पत्र पुढे व्हिसालाही उपयोगी पडतं.

व्हिसा: सी-३ आणि त्याची मर्यादा

९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला सी-३ हा अल्पमुदतीचा व्हिसा असतो. निव्वळ फिरायला जाणाऱ्यांना सी-३-९ मिळतो. संस्थेच्या निमंत्रणावरून कार्यक्रमात किंवा उपक्रमात भाग घ्यायला जाणाऱ्यांसाठी सी-३-१ आहे. दोन्हींवर कमाई करता येत नाही. पैसे न घेता शिबिरात सहभागी होणं एक, आणि शेतावर किंवा गेस्टहाउसमध्ये रोज ठरलेले तास राबून त्या बदल्यात खोली आणि जेवण घेणं दुसरं. हा दुसरा प्रकार इमिग्रेशनच्या नजरेत नोकरीच्या फार जवळ जातो. ‘वूफ’सारख्या शेती-पाहुणचाराच्या योजना कोरियातही आहेत. पण यजमान नोंदलेला आणि मोबदल्याचं स्वरूप लेखी नसेल, तर मी तरी पर्यटक व्हिसावर तिकडे पाऊल टाकायला सांगणार नाही. गेस्टहाउसवाल्याचं ‘सगळेच असं करतात’ हे आश्वासन इमिग्रेशनच्या काउंटरवर कामाचं नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी मुंबईचा कोरियन वाणिज्य दूतावास आहे. एकदाच प्रवेश आणि ९० दिवसांपर्यंतचा मुक्काम असेल तर शुल्क ४० अमेरिकी डॉलरच्या बरोबरीचे रुपये. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही.

कागदांचे दोन गठ्ठे करा. पहिला तुमचा. त्यात किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स, जुने पासपोर्ट असतील तर तेही, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा अलीकडचा फोटो, भरलेला अर्ज, प्रवासाचा हेतू सांगणारं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट शाखेच्या सही-शिक्क्यासह, आणि गेल्या काही वर्षांचे आयटीआर. नोकरदार असाल तर पगाराच्या स्लिपा आणि रजा मंजूर केल्याचं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र. विद्यार्थी असाल तर बोनाफाईड, आणि खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं स्टेटमेंट, आयटीआर व नातं दाखवणारा जन्मदाखला. नेटबँकिंगवरून काढलेलं बिनशिक्क्याचं स्टेटमेंट नेऊन परत फिरणारे दर हंगामात असतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून घेऊन खात्यात टाकलेले दोन लाख तपासणाऱ्याच्या चटकन डोळ्यांत भरतात. तसं करू नका.

दुसरा गठ्ठा यजमान संस्थेचा. तारखा, ठिकाण, कामाचं स्वरूप आणि ‘मोबदला नाही’ हे स्पष्ट लिहिलेलं निमंत्रणपत्र, संस्थेच्या नोंदणी-प्रमाणपत्राची प्रत, संपर्क व्यक्तीचं नाव आणि फोन. राहण्याची जबाबदारी संस्थेची असेल तर तेही पत्रातच यायला हवं, नाहीतर हॉटेलचं बुकिंग मागितलं जाईल. इथे एक कळीची गोष्ट आहे. वर्ककॅम्पची सविस्तर माहिती देणारी ‘इन्फोशीट’ बऱ्याचदा शिबिराच्या तीन-चार आठवडे आधी येते, आणि तोपर्यंत थांबलात तर व्हिसाला वेळ उरत नाही. स्वीकृती आली त्याच दिवशी ‘व्हिसासाठी निमंत्रणपत्र हवं’ अशी मेल टाका.

त्या पत्रावरचं नावही नीट बघा. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. पत्रात नुसतं नाव-आडनाव आलं असेल तर पासपोर्टबरहुकूम दुरुस्त करून मागा. तिकीट आणि विमाही त्याच नावाने.

अर्जाच्या छापील नमुन्यात भेटीच्या उद्देशाचे चौकोन असतात. पर्यटन, परिषद, व्यवसाय, शिक्षण, नोकरी वगैरे, आणि शेवटी ‘इतर’. पर्यटनावर खूण करून सोबत शिबिराचं पत्र जोडलं तर अर्ज स्वतःलाच खोटं पाडतो. ‘इतर’ निवडा, पुढे थोडक्यात आणि खरं लिहा, आणि निमंत्रक संस्थेचा रकाना पूर्ण भरा. खर्चाचा अंदाज अमेरिकी डॉलरमध्ये विचारलेला असतो, तिथे रुपयांचा आकडा लिहिला तर तुम्ही एकदम कोट्यधीश दिसता. गेल्या पाच वर्षांतले परदेश प्रवासही विचारतात. दुबईची चार दिवसांची सहलही त्यात धरायची.

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर

इथे नियम एकदम कडक होतात. पारंपरिक कला एखाद्या जाणकाराकडे किंवा संस्थेत, कमाईचा हेतू न ठेवता शिकायची असेल तर डी-१, विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात कोरियन शिकायचं असेल तर डी-४, धार्मिक संस्थेच्या शिफारशीवरून सेवाकार्याला जायचं असेल तर डी-६. भारत क्षयरोगासाठी तपासणी लागणाऱ्या देशांच्या यादीत असल्याने दीर्घ मुदतीच्या व्हिसाला दूतावासाने मान्य केलेल्या रुग्णालयाचा क्षयरोग तपासणी दाखला जोडावा लागतो. पदवीच्या कागदांना परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून केलेलं प्रमाणीकरण, मागितलं जाऊ शकतं. मुलांबरोबर काम असेल तर पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिसांचा चारित्र्य दाखला काढून ठेवावा. कोरियात पोहोचल्यावर ९० दिवसांच्या आत इमिग्रेशन कार्यालयात नोंदणी करून रहिवासी कार्ड घ्यायचं असतं.

आणि खरं सांगायचं तर स्वयंसेवेची सगळ्यात चांगली संधी हे कार्ड हातात असलेल्यांनाच आहे. तिकडे शिकणाऱ्या मराठी मुलांनी ती जरूर घ्यावी. कोरिया सरकारचं ‘१३६५’ नावाचं स्वयंसेवा पोर्टल आहे. रहिवासी कार्डाचा क्रमांक आणि स्वतःच्या नावावरचा मोबाइल असला की त्यावर नोंद करता येते. जिल्ह्यानुसार कामं दिसतात, केलेले तास जमा होतात, त्यांचं प्रमाणपत्र निघतं, आणि नोंदणीकृत कामाला विम्याचं संरक्षणही असतं. पोर्टल कोरियन भाषेत आहे, तेवढी तयारी हवी.

नोव्हेंबरमध्ये किमजांगचा हंगाम येतो. हिवाळ्यासाठी एकत्र बसून किमची घालण्याची ही रीत २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. गरजू घरांसाठी अशी किमची घालायला शेकडो माणसं मैदानात जमतात. रबरी हातमोजे घालून मिठात मुरलेल्या कोबीच्या पानापानात लाल मसाला भरायचा, तासाभरात पाठ धरते. त्यानंतर योनतान. हा भोकं असलेला कोळशाचा गोल ठोकळा असतो, एकेक ३.६५ किलोचा. शहराच्या चढावरच्या जुन्या वस्त्यांतले काही म्हातारे अजून त्यावरच घर गरम ठेवतात. तिथे गाडी जात नाही, म्हणून स्वयंसेवक गल्लीत रांग लावून ठोकळे हातोहात वर पोचवतात. २००७ च्या डिसेंबरात थेआनच्या किनाऱ्यावर तेलगळती झाली तेव्हा बारा लाखांहून जास्त स्वयंसेवक तेल पुसायला गेले होते. संस्कृती अनुभवायची ती हीसुद्धा.

टेंपलस्टे आणि २०२७ चा ऑगस्ट

बौद्ध मंदिरातला मुक्काम, म्हणजे टेंपलस्टे, ही स्वयंसेवा नव्हे. शुल्क भरून राहायचं असतं. पण शिबिराला जोडून दोन दिवस काढावेतच. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी हा उपक्रम सुरू झाला. आरक्षण अधिकृत संकेतस्थळावर इंग्रजीतून होतं. पहाटेची प्रार्थना, १०८ साष्टांग नमस्कार आणि ‘उल्लयोक’ म्हणजे सगळ्यांनी मिळून अंगण झाडणं, मळ्यात राबणं असं श्रमदान त्यात असतं. आपल्या माळकऱ्यांना आणि जैनांना तिथला स्वयंपाक विशेष सोयीचा, कारण त्यात मांस-मासे नाहीत, लसूण नाही, कांद्याची पात नाही. हिंगही वर्ज्य.

२०२७ च्या ऑगस्टमध्ये तिथे दोन मोठे सोहळे आहेत. चुंगचाँग भागात जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा, आणि ३ ते ८ ऑगस्टला सोलमध्ये कॅथलिक जागतिक युवा दिन. वसई आणि गोव्यातल्या ज्या तरुणांना युवा दिनाला यात्रेकरू किंवा स्वयंसेवक म्हणून जायचंय, त्यांनी आपल्या धर्मप्रांताच्या युवा केंद्रामार्फतच जावं. गटाच्या अर्जाला चर्चचं पत्र असलं की व्हिसाची निम्मी कटकट वाचते. त्या महिन्यात राहण्याची जागा महाग होणार, हे वेगळं सांगायला नको.

कोरियात पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. ते मोफत आहे. तिथला पत्ता म्हणून शिबिराचा पत्ता टाका, आणि निमंत्रणपत्र चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. इंचॉन विमानतळाच्या इमिग्रेशन काउंटरवर ‘कशासाठी आलात’ विचारलं तर व्हिसाच्या अर्जात जे लिहिलंय तेच सांगायचं. मुक्काम वाढवायचा असेल किंवा कामाच्या स्वरूपाबद्दल शंका असेल, तर कोरियात १३४५ हा इमिग्रेशनचा मदत क्रमांक आहे. तिथे इंग्रजीतही उत्तर मिळतं.