पाला खाणाऱ्या नेपल्सचं सणाचं सूप

नेपल्स म्हटलं की आज पिझ्झा आणि पास्ताच आठवतो. पण सोळाव्या शतकापर्यंत बाकीचे इटालियन नेपल्सवाल्यांना चिडवायचे ते ‘मांज्याफोल्ये’, म्हणजे पालाखाऊ म्हणून. ‘मॅकरोनीखाऊ’ ही पदवी तेव्हा सिसिलीकरांच्या नावावर होती. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याच्या सुपीक जमिनीत कोबीचे आणि चिकोरी या कडवट पालेभाजीचे नाना प्रकार पिकत. डुकराच्या हाडांच्या रश्श्यात शिजवलेला हा पाला हेच गावाचं मुख्य अन्न होतं.

सतराव्या शतकात गणित फिरलं. स्पॅनिश अमलाखाली शहरात माणसं मावेनाशी झाली, मांस परवडेना. त्याच सुमारास कणीक तिंबायची आणि सोऱ्यासारखी दाबून पास्ता पाडायची यंत्रं आली. पोट भरायला पास्ता स्वस्त पडू लागला. इतिहासकार एमिलिओ सेरेनी यांनी १९५८ साली ही उलथापालथ सविस्तर मांडली. पाल्याचा रस्सा मात्र संपला नाही. रोजच्या ताटातून उठून तो नाताळ आणि ईस्टरच्या पंगतीला जाऊन बसला. ‘मिनेस्त्रा मारिताता’ म्हणतात ती हीच.

घरोघरी प्रमाण वेगळं, पण रीत साधारण एकच. बरगड्या, हॅमचं हाड, सॉसेज आदल्या दिवशी मंद आचेवर शिजवायचे. रस्सा रात्रभर गार ठेवला की वर चरबीची पांढरी साय धरते, ती काढून टाकायची. पाल्यात स्कारोला ही कडवट पानांची भाजी, रानटी चिकोरी, बोराजची पानं आणि नेपल्सजवळच्या नोला-अचेरा भागातला तोर्झेल्ला हा कुरळ्या पानांचा जुना कोबी. स्कारोलाच्या बुडाशी माती अडकते, म्हणून पानं दोन-तीन पाण्यांतून काढायची, वेगळी उकडून पिळायची आणि शेवटी रश्श्यात सोडायची. (आपल्या फिल्टर कॉफीत ज्या चिकोरीचं मूळ भाजून घालतात, तिच्याच कुळातला हा स्कारोला.)

१८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले, त्यांतले बहुतेक दक्षिणेकडचे. तिकडे मांस आवाक्यात होतं. मग डुकराच्या हाडांऐवजी कोंबडीचा रस्सा, त्यात बोराएवढे खिम्याचे गोळे आणि मिऱ्याच्या दाण्याएवढा पास्ता, असं नवंच सूप तयार झालं. मूळ नावातल्या ‘मारिताता’चा अर्थ ‘लग्न लावलेली’; लग्न पाला आणि मांस यांचं. पण शब्दशः अर्थ घेऊन तिथे त्याचं ‘वेडिंग सूप’ झालं. पिट्सबर्ग आणि यंग्सटाउनकडे ते लग्नात वाढलंही जातं. नेपल्समध्ये त्याचा लग्नाशी काही संबंध नाही.

अमेरिकेत आता पुष्कळ जण स्कारोलाऐवजी पालक घालतात. सोयीचा आहे, शिजतोही झटकन. पण खिमा आणि चीजच्या स्निग्धपणाला कडवट पानाचाच उतारा लागतो. पालकाचं सूप दोन वाट्यांनंतर जड वाटतं, स्कारोलाचं तिसऱ्यांदाही घ्यावंसं वाटतं.