विमान-अंतर व उड्डाणकाळ (नवी मुंबई-ठाणे परिसर)

दोन विमानतळांमधले, पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे विमान-अंतर. ही रेषा बृहद्‌वृत्तावर, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावर असते. भिंतीवरच्या नकाशात ती वाकडी दिसते. मुंबईहून न्यूयॉर्कला जायचे म्हटले की अरबस्तान, भूमध्य समुद्र अशी वाट डोळ्यांपुढे येते. खरी जवळची वाट वायव्येला रशियावरून चढत, आइसलंडच्या आसपास 65 अंश उत्तर अक्षांश गाठून मग खाली उतरते. तिची लांबी सुमारे 12,500 किमी. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल 1.852 किमीचा.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. अंधेरी-सांताक्रूझचा जुना विमानतळ आणि उलव्याजवळचा हा नवा, यांच्यात सरळ रेषेत जेमतेम 25 किमी. त्यामुळे दिल्ली दोन्हीकडून सुमारे 1,140 किमी आणि लंडन सुमारे 7,200 किमी. आकाशात फरक पडला तर दोन-तीन मिनिटांचा. जमिनीवर तो कितीतरी मोठा आहे. पनवेल-खारघरच्या प्रवाशाला वाशीचा खाडीपूल आणि त्यापुढची चेंबूर-कुर्ल्याची कोंडी टळते. ठाणे मधोमध पडते: ऐरोली-कळव्याकडच्यांना ठाणे-बेलापूर रस्त्याने नवा विमानतळ गाठता येतो, घोडबंदरकडच्यांना मात्र अजून जुनाच सोयीचा वाटू शकतो. विमानतळ निवडताना हिशेब घराच्या दारापासून धरावा, तिकिटावरच्या तासांपासून नव्हे.

तिकिटावर दिसतो तो ब्लॉक टाइम: विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर थांबेपर्यंतचा वेळ. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरण्यापूर्वी आकाशात घातलेल्या घिरट्याही त्यात येतात. म्हणूनच दिल्लीच्या सव्वादोन तासांत प्रत्यक्ष उड्डाण पावणेदोन तासांच्या आसपासच असते. मोठी जेट विमाने ताशी सुमारे 900 किमीने उडतात, पण हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, वाहतो. युरोपला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. लंडनला जायला परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो तो यामुळे. हवाई हद्दी बंद झाल्या की वाट आणखी लांबते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा पश्चिमेकडच्या अनेक उड्डाणांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला.

वेळापत्रकातल्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. जानेवारीत पहाटे 2 ला निघून लंडनला सकाळी 6.30 ला पोहोचणारे विमान साडेचार नव्हे, दहा तास प्रवास करते.