ओढ्याच्या तोंडाशी मांडलेला जंगलाचा जमाखर्च

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, व्हाइट माउंटन्सच्या डोंगररांगांत हबर्ड ब्रूक नावाचे जंगल आहे. तेथील वनसेवेने 1955 साली ते पाणी आणि जंगल यांच्या अभ्यासासाठी राखून ठेवले. 1963 पासून हर्बर्ट बोरमन, जीन लायकन्स, नॉय जॉन्सन आणि रॉबर्ट पियर्स या शास्त्रज्ञांनी तेथील लहान लहान पाणलोट क्षेत्रांचा जमाखर्च मांडायला सुरुवात केली. या डोंगरांखालचा खडक पाणी फारसे मुरू देत नसल्यामुळे उताराखाली वाहणारे पाणी एकाच ओढ्याने बाहेर पडते; म्हणून पावसातून काय आले आणि ओढ्यातून काय गेले एवढे मोजले की मधल्या जंगलाचा हिशेब लागतो. आपल्या सह्याद्रीत बसाल्टच्या भेगांतून मुरलेले पाणी कोठे झरा होऊन निघेल याची खात्री नसते, त्यामुळे ही पद्धत येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही.

ओढ्याच्या तोंडाशी एक छोटा बांध असतो आणि त्याच्या माथ्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते. खाच खाली निमुळती असल्याने उन्हाळ्यातील बारीक धारही अचूक मोजता येते, आणि वर ती रुंदावत जात असल्याने पाण्याची उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक वाढतो. बांधामागे साचलेली वाळू, माती आणि पाने उपसून तोलली जातात, कारण जंगलातून बाहेर गेलेल्या मालात त्यांचाही वाटा असतो. पाण्याचा नमुना दर आठवड्याला घेतात. बाटली त्याच ओढ्याच्या पाण्याने विसळायची, तोंडाच्या आतल्या कडेला बोट लागू द्यायचे नाही, कारण घामातले मीठ विरळ पाण्याच्या नमुन्याचा आकडा सहज बिघडवते. हे काम हिमवर्षावातही चुकवायचे नसते.

या आकड्यांचे मोल 1965 च्या हिवाळ्यात एका पाणलोट क्षेत्रातील सर्व झाडे तोडून जागीच ठेवल्यावर, आणि पुढील तीन उन्हाळे तणनाशक फवारून नवी वाढ रोखल्यावर दिसले. पहिल्या वर्षी ओढ्याचा प्रवाह अपेक्षेपेक्षा 39 टक्क्यांनी वाढला. त्याहून धक्कादायक म्हणजे पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण 40 पटींहून अधिक झाले. मुळे शोषून घेत असलेला नायट्रोजन आता कोणीही अडवत नव्हता, आणि जमिनीचा कस ओढ्यावाटे वाहून चालला होता.

पावसाची गोष्ट मात्र सावकाश उलगडली. स्वच्छ पावसाचा सामू (आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी तितके पाणी अधिक आम्ल) साधारण 5.6 असतो, येथील पहिल्याच काही नमुन्यांपैकी एकाचा सामू 3.7 निघाला, म्हणजे तो सुमारे 80 पट अधिक आम्ल होता. कारखाने आणि वीजकेंद्रे यांच्या धुरातील गंधक व नायट्रोजनची संयुगे शेकडो किलोमीटर दूरवर येऊन पडत होती. ही आम्लता घटते आहे असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे म्हणण्यासाठी सलग 18 वर्षांच्या नोंदी लागल्या. त्यातली निवडक चार-पाच वर्षे घेतली असती, तर कोणती घेतली त्यावर निष्कर्ष वर किंवा खाली गेला असता. अनुदान देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण बहुतेक प्रकल्प तीन वर्षांतच आटोपतात.

1990 मध्ये अमेरिकेने हवा स्वच्छतेच्या कायद्यात कडक सुधारणा केल्या आणि पाऊस आणखी सुधारू लागला, पण ओढे त्या वेगाने सुधारले नाहीत. अनेक दशकांच्या आम्लवर्षेने मातीतील आम्ल शमवणारे कॅल्शियम धुऊन नेले होते. ऑक्टोबर 1999 मध्ये सुमारे 12 हेक्टरांच्या एका पाणलोट क्षेत्रावर हेलिकॉप्टरमधून वोलास्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचे खनिज, पसरवण्यात आले. पुढील काही वर्षांत तेथील शुगर मेपलची रोपे आणि मोठी झाडे शेजारच्या क्षेत्रापेक्षा निरोगी दिसू लागली, आणि खालच्या बांधावर नमुन्यांच्या बाटल्या पूर्वीच्याच क्रमाने भरल्या जात राहिल्या.