नगरसेवकांवरचा खर्च आणि नगरसेवकांनी ठरवलेला खर्च

'नगरसेवक वाढले की तिजोरीवर बोजा' असे म्हणताना दोन वेगळे खर्च एकत्र कालवले जातात.

पहिला मोजायला सोपा. मुंबई महापालिकेची सदस्यसंख्या 227 वरून 236 करायचे 2021 मध्ये ठरले. 2022 मध्ये निर्णय फिरला. दरमहा 25,000 रुपये मानधन धरले तर नऊ जादा नगरसेवकांचे वर्षाला 27 लाख होतात, भत्ते वेगळे. पालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 74,427 कोटींचे. या खर्चावर भांडण्यात अर्थ नाही.

दुसरा खर्च सभागृह मंजूर करते त्या कामांचा. सदस्य वाढले की तो वाढतो की घटतो, खरा वाद इथे आहे. एका प्रभागात 10 लाखांचे गटार बांधले तर लाभ सगळा त्याच प्रभागाला. भार 227 प्रभागांत सारखा वाटला, तर त्याच्या वाट्याला जेमतेम 4,400 रुपये. प्रभाग जितके जास्त, तितका हा वाटा लहान आणि मागणी मोठी. वाइनगास्ट, शेप्सल आणि जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी 1981 मध्ये हा तर्क मांडला. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या नगरपालिकांच्या अभ्यासाने त्याला दुजोरा दिला, तर फिनलंड-स्वीडनमध्ये नेमके उलटे दिसले: सभागृह मोठे, खर्च कमी. तिथला युक्तिवाद असा, की अंदाजपत्रक फुगवण्याकडे प्रशासनाचा कल असतो आणि सदस्य जास्त असले की ते पकडले जाते.

पडताळताना मोठ्या शहराशेजारी छोटे शहर ठेवू नये. तो फरक लोकसंख्येचाच निघतो. फिनलंडमध्ये 8,000 वस्तीपर्यंत 27 सदस्य आणि त्यापुढे एकदम 35 असत, म्हणून रेषेच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांची तुलना करता आली. आपल्याकडे ग्रामपंचायतीत 1,500 पर्यंत 7 सदस्य, पुढे 9. मात्र ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी-स्वच्छतेसाठी बंधित होता. तो वगळून अबंधित निधी आणि घरपट्टीसारखे स्वतःचे उत्पन्नच पाहावे, नाहीतर सदस्यांनी न घेतलेला निर्णय त्यांच्या नावावर जमा होतो.

महापालिकांत गणित आणखी अडते. पुण्यात 2017 साली नगरसेवक 162, प्रभाग 41. गटाराचा खर्च 162 ने भागायचा की 41 ने? चौघांचा प्रभाग एकच, पण नामफलक प्रत्येकाला आपला हवा असतो. शिवाय मुंबईबाहेरच्या महापालिकांत सभागृह 65 चे असो वा 162 चे, आयुक्तांचे अंदाजपत्रक आधी ज्या स्थायी समितीपुढे जाते तिचे सदस्य 16 च.