पार्श्वभूमी : सांडपाण्यातील केमोची औषधे आणि ‘निर्मूलन’ म्हणजे नेमके काय

1972 मध्ये जपानमधील दोन संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइड या उत्प्रेरकावर (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थावर) अतिनील प्रकाश टाकून पाण्याचे विघटन घडवले, तेव्हा त्यामागे इंधनाचा विचार होता. त्याच दशकात हा पदार्थ पाण्यातील पीसीबी (क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायने) आणि सायनाइडही मोडतो, हे दिसून आले. कर्करोगाची औषधे या चित्रात फार उशिरा आली. 1990च्या दशकात जर्मनीत रुग्णालयांच्या सांडपाण्यात सायक्लोफॉस्फमाइड आणि आयफॉस्फमाइड आढळली. जिवाणूंवर चालणाऱ्या नेहमीच्या प्रक्रियेला ती फारशी दाद देत नव्हती.

सायक्लोफॉस्फमाइडचा साधारण 10 ते 20 टक्के डोस लघवीतून न बदलता बाहेर पडतो. आता बरेच रुग्ण सकाळी केमो घेऊन संध्याकाळी घरी परततात. त्यामुळे फक्त रुग्णालयाच्या गटाराला यंत्रणा जोडून भागत नाही.

या क्षेत्रात सर्वांत जास्त गोंधळ ‘निर्मूलन’ या शब्दाने घातला आहे. उत्प्रेरक आणि प्रकाश वापरून औषध मोडण्याच्या प्रयोगानंतर पाण्यात मूळ औषध किती उरले हे मोजतात आणि ‘99 टक्के निर्मूलन’ असे लिहितात. पण मूळ रेणू दिसेनासा झाला म्हणजे तो संपला असे नाही. त्याचे तुकडे पाण्यातच असतात. पूर्ण खनिजीकरण झाले, तर सायक्लोफॉस्फमाइडच्या एका रेणूतील सातही कार्बन अणू कार्बन डायऑक्साइड होऊन जायला हवेत आणि दोन्ही क्लोरीन अणू क्लोराइड म्हणून मोजता यायला हवेत. एकूण सेंद्रिय कार्बन मोजला की तो मूळ औषधापेक्षा बराच सावकाश घटताना दिसतो. इथे तर ही बाब टाळताच येत नाही, कारण सायक्लोफॉस्फमाइड स्वतः निष्क्रिय असते. यकृतात त्याचे रूपांतर झाल्यावरच ते पेशी मारते. बदललेला रेणू मूळ रेणूपेक्षा घातक असू शकतो, हे या औषधाच्या बाबतीत वेगळे सिद्ध करायची गरज नाही. म्हणूनच तुकड्यांची विषारीता न तपासता दिलेली टक्केवारी अपुरी मानायला हवी.

उत्प्रेरकांवरचे संशोधन मात्र प्रामुख्याने प्रकाशाच्या दिशेने वळले. टायटॅनियम डायऑक्साइडला लागणारा अतिनील भाग सूर्यप्रकाशात जेमतेम 4-5 टक्के असतो. 2009 मध्ये कार्बन नायट्राइड दृश्य प्रकाशात काम करते हे समोर आले आणि नवनव्या मिश्र उत्प्रेरकांची रांग लागली. त्यांच्या चाचण्या बहुधा शुद्ध पाण्यात, लिटरमागे काही मिलिग्रॅम औषध घालून होतात. खऱ्या सांडपाण्यात औषध नॅनोग्रॅममध्ये असते, आणि बायकार्बोनेट व इतर सेंद्रिय द्रव्ये हायड्रॉक्सिल रॅडिकल (उत्प्रेरकावर प्रकाश पडून तयार होणारे, औषध मोडणारे अतिक्रियाशील कण) आधीच खाऊन टाकतात. पाण्यात मिसळलेली बारीक भुकटी परत गोळा करणे हे आणखी एक काम, म्हणून ती काचेवर किंवा सिरॅमिकवर बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

2024च्या युरोपीय कायद्याने मोठ्या सांडपाणी केंद्रांना सूक्ष्म प्रदूषकांसाठी जादा टप्पा बंधनकारक केला. त्याचा निकष आहे 80 टक्के निर्मूलन, आणि तोही मूळ पदार्थाच्या मोजणीवर. मोजायच्या पदार्थांच्या यादीत वेदनाशामक, रक्तदाबाच्या आणि मानसिक आजारांवरच्या गोळ्या आहेत. कर्करोगाचे एकही औषध नाही. भारतात 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी उरलेली आणि मुदत संपलेली केमोची औषधे पिवळ्या वर्गात, म्हणजे पिवळ्या पिशवीत वेगळ्या गोळा करायच्या कचऱ्यात, टाकली. रुग्णाच्या शरीरातून जाणारे औषध त्या पिशवीत येत नाही.