सान मिगेल दे आयेंदे : परदेशी वसाहत आणि लोकोत्सव

सान मिगेल दे आयेंदे हे मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो राज्यातील शहर. बाहीओ ह्या सुपीक पठारी प्रदेशात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मी. उंचीवर वसले आहे. लोकसंख्या ७२,४५२ (२०२०), संपूर्ण नगरपालिका क्षेत्राची १,७४,६१५. हवा कोरडी व सौम्य. पाऊस जून ते सप्टेंबर. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकी व कॅनडियन रहिवाशांची मोठी वसाहत म्हणून आणि वर्षभर चालणाऱ्या उत्सवांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. २००८ मध्ये त्याचा जुना भाग आणि जवळचे आतोतोनिल्को येथील तीर्थमंदिर ह्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

स्थापनेचा प्रश्न : शहराच्या स्थापनेचे वर्ष सामान्यतः १५४२ दिले जाते आणि संस्थापक म्हणून हुआन दे सान मिगेल ह्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचे नाव घेतले जाते. मात्र ही वस्ती आजच्या जागी नव्हती. ती लाहा नदीच्या काठी, आज ‘सान मिगेल एल व्हिएहो’ म्हणजे जुने सान मिगेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात होती, आणि तिचे स्वरूप ओतोमी व पुरेपेचा ह्या मूलनिवासी लोकांना बाप्तिस्मा देऊन एकत्र वसवण्यासाठी उभारलेल्या मिशनचे होते. नदीचे पाणी अपुरे पडले आणि उत्तरेकडील भटक्या चिचिमेका टोळ्यांचे हल्ले वाढले, म्हणून हुआन ह्यांच्यामागून आलेल्या बेर्नार्दो कोस्सिन ह्यांनी वस्ती टेकडीच्या उतारावरील एल चोर्रो ह्या झऱ्याजवळ हलवली, असे मानतात. हे स्थलांतर १५४०–५० ह्या दशकाच्या उत्तरार्धात केव्हातरी झाले असावे. १५५१ च्या हल्ल्यात वस्ती उद्ध्वस्त झाल्याचे उल्लेख आहेत. डिसेंबर १५५५ मध्ये व्हाइसरॉय लुईस दे वेलास्को ह्याने येथे स्पॅनिश लोकांची ‘व्हिया’ म्हणजे सनदी गाव वसवण्याची आज्ञा दिली. १५४६ मध्ये साकातेकास येथे चांदी सापडली होती. ती मेक्सिको शहराकडे नेणाऱ्या राजमार्गाला मध्ये संरक्षक ठाणे हवे होते.

म्हणजे स्थापना १५४२ ची मानायची की १५५५ ची, हे आपण कशाला शहर म्हणतो ह्यावर ठरते. स्थानिक स्मरणोत्सव पहिले वर्ष धरतात. आजच्या जागेचा, रस्त्यांच्या आखणीचा आणि गावाच्या कायदेशीर अस्तित्वाचा विचार केला, तर १५५५ अधिक सयुक्तिक वाटते. पहिल्या वर्षाला जो जिव्हाळा चिकटला आहे त्याचे श्रेय एका दंतकथेला जाते. धर्मगुरूबरोबर असलेली तहानलेली कुत्री भरकटली आणि झऱ्याशी जाऊन थांबली, म्हणून ह्या जागेला ‘इत्स्क्विनापान’ हे नाव मिळाले, अशी ती कथा. नाहुआत्ल ह्या आस्तेक लोकांच्या भाषेत ह्या नावाचा अर्थ ‘कुत्र्यांचे पाणी’ किंवा ‘कुत्र्यांची नदी’ असा होतो. परंतु अशी नाहुआत्ल स्थलनामे ह्या पट्ट्यात स्पॅनिशांच्या बरोबरीने आलेल्या मित्रटोळ्यांनीही रूढ केली होती. त्यामुळे कथेवरून नाव पडले असण्यापेक्षा नावावरून कथा रचली गेली असण्याचा संभव जास्त. झरा मात्र कल्पित नाही. एल चोर्रोच्या खालच्या बाजूला दगडी हौदांची रांग आहे. एकेका बाईपुरता एकेक हौद, कपडे घासायला उतरती शिळा, आणि वरच्या अंगाने वाहत येणारे पाणी.

अठराव्या शतकात गाव भरभराटीला आले. लोकरी सारापे म्हणजे घोंगड्या, खोगिरे आणि लोखंडी अवजारे खाणींच्या प्रदेशात जात. मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी इग्नास्यो आयेंदे ह्यांचा जन्म येथेच १७६९ मध्ये झाला. तोवर ‘सान मिगेल एल ग्रांदे’ असलेले गाव १८२६ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. युद्धानंतर व्यापार मोडला आणि गाव शतकभर मागे पडले. नवे बांधकाम फारसे झाले नाही म्हणूनच जुने टिकले. तरीही ‘वसाहतकालीन’ हा शब्द येथे जपून वापरायला हवा. शहराची खूण ठरलेला पार्रोकिया ह्या मुख्य चर्चचा गुलाबी दगडी दर्शनी भाग सुमारे १८८० चा आहे. सेफेरिनो गुत्येर्रेस ह्या स्थानिक मूलनिवासी गवंड्याने तो बांधला. त्याने युरोपातील गॉथिक चर्चची चित्रे पाहून वाळूवर आराखडा काढला, असे सांगतात. चित्रांची गोष्ट शिखरांच्या घडणीवरून पटण्यासारखी आहे. वाळूची गोष्ट लोककथेत मोडते. मागचा मूळ सतराव्या शतकातील चर्चचा गाभा तसाच राहिला, आणि मुखवट्यासारखा हा दर्शनी भाग त्याच्यापुढे उभा राहिला.

परदेशी वसाहत : पहिला टप्पा कलावंतांचा. पेरूचे चित्रकार व विचारवंत फेलिपे कोस्सिओ देल पोमार ह्यांनी १९३८ मध्ये एका जुन्या मठाच्या इमारतीत कलाशाळा सुरू केली. आदल्या वर्षी शिकागोहून आलेले स्टर्लिंग डिकिन्सन त्यांच्या साहाय्याला होते. १९४४ च्या कायद्याने अमेरिकी माजी सैनिकांना शिक्षणशुल्क आणि दरमहा भत्ता मिळू लागला. तो भत्ता मायदेशात जेमतेम पुरे, येथे त्यावर घर, मोलकरीण आणि रंगसाहित्य भागत असे. जानेवारी १९४८ मध्ये लाइफ ह्या अमेरिकी साप्ताहिकाने ह्या जीवनाचे सचित्र वर्णन छापले आणि अर्जांचा ओघ लागला. त्याच सुमारास भित्तिचित्रकार दाव्हिद आल्फारो सिकेइरोस शाळेत शिकवायला आले. आयेंदे ह्यांच्या जीवनावरील भित्तिचित्राचे काम चालू असताना शाळेच्या तत्कालीन मालकाशी त्यांचे भांडण झाले, ते निघून गेले आणि चित्र अर्धवट राहिले. आजही त्या दालनात गेल्यावर नजरेत भरतात ते रंगांचे मोठमोठे भौमितिक पट्टे, जमिनीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून छताच्या कमानीवर चढत गेलेले. माणसाची आकृती त्यांत यायची राहूनच गेली. ह्या प्रकरणानंतर शाळेची अमेरिकी मान्यता गेली, आणि १९५० मध्ये डिकिन्सन ह्यांच्यासह काही अमेरिकी शिक्षकांना देशाबाहेर काढण्यात आले. पुढे ते परतले. कारणे साम्यवादाच्या संशयात शोधली जातात, परंतु प्रतिस्पर्धी शाळांमधील हेवेदावेही दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. त्याच काळात कानाल सरदारांच्या जुन्या वाड्यात इन्स्तितुतो आयेंदे ही दुसरी कलाशाळा उभी राहिली आणि विद्यार्थी तिकडे वळले.

विद्यार्थ्यांमागून लेखक आले, लेखकांमागून निवृत्त लोक. मेक्सिकोच्या राज्यघटनेनुसार सरहद्दीपासून १०० किमी. आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किमी.च्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला थेट स्वतःच्या नावे जमीन घेता येत नाही. सान मिगेल देशाच्या पोटात असल्याने ही अडचण येथे येत नाही, आणि निवृत्तांची पावले इकडे वळण्यामागे हवेइतकेच हेही कारण आहे. परदेशी रहिवाशांच्या संख्येचे अंदाज काही हजारांपासून दहा हजारांच्या पुढेपर्यंत जातात. बरेच जण वर्षातील काही महिनेच राहत असल्याने ह्यांतील कमी आकडे अधिक विश्वसनीय समजावेत.

ह्या मंडळींच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र म्हणजे १९५४ मध्ये एका कॅनडियन बाईंच्या पुढाकाराने सुरू झालेले वाचनालय. मुळात ते गावातील मुलांसाठी होते. पुढे इंग्रजी ग्रंथसंग्रह वाढला, आणि १९७५ पासून तेथून द्वैभाषिक साप्ताहिक निघू लागले. परदेशी लोकांची घरे तिकीट लावून दाखवायची आणि त्या पैशातून स्थानिक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्यायच्या, ही प्रथा येथलीच. अशा कामांचे मोल खरे आहे. त्याचबरोबर जुन्या भागातील घरांच्या किमती डॉलरच्या हिशेबाने चढल्या, आणि पिढ्यान् पिढ्या मुख्य चौकाजवळ राहिलेली कुटुंबे घरे विकून शहराच्या कडेच्या वसाहतींत गेली. उत्सवांचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण पूर्वी शेजारच्या गल्लीतून निघणारी मिरवणूक आता बसने येऊन एकत्र जमते. भूजलाचा प्रश्नही गंभीर आहे. लाहा खोऱ्यातील उपसा वाढल्याने पाण्याची पातळी खोल गेली असून काही विहिरींत फ्लोराइड व आर्सेनिक धोक्याच्या प्रमाणात आढळले आहे. नव्या वस्त्या, हॉटेले आणि निर्यातीचा भाजीपाला हे सर्व त्याच पाण्यावर आहेत.

उत्सव : ‘बार्रियो’ म्हणजे वाडी-वस्ती हा येथल्या उत्सवांचा पाया आहे. प्रत्येक बार्रियोचा संत वेगळा, खर्च उचलणारी ‘मायोर्दोमो’ घराणी वेगळी, नाचणाऱ्यांचे मेळे वेगळे. परदेशी माणूस येथे पाहुणा असतो किंवा वर्गणीदार. मान त्याच्याकडे जात नाही. उत्सव पर्यटकांसाठी रचले गेले हे मत त्यामुळे टिकण्यासारखे नाही, जरी काहींचे आजचे रूप विसाव्या शतकातलेच असले.

ह्याचे उत्तम उदाहरण आल्बोरादा, म्हणजे पहाट. गावाचा संत महादूत मायकेल, म्हणजेच सान मिगेल, ह्याचा सण २९ सप्टेंबरचा. त्याच्या आसपासच्या आठवडाअखेरीस पहाटे चारला पार्रोकियासमोर तासभर आतषबाजी चालते. ला आउरोरा कापडगिरणीच्या कामगारांनी १९२० नंतरच्या दशकात ती सुरू केली असे मानतात. गिरणी १९०२ ते १९९१ चालली आणि आता तेथे चित्रकारांची दालने आहेत. रात्री बार्रियोंमधून लोक निघतात तेव्हा पुढे काठीवर उंच धरलेले, आतून दिवा लावलेले रंगीत कागदाचे मोठे तारे असतात. चौकात वाढदिवसाचे पारंपरिक गाणे महादूतासाठी म्हटले जाते आणि दारूकाम पेटते. अग्निबाण आकाशात जातात तसे आडवेही सुटतात. ठिणग्या अंगावर येतात म्हणून लोक घोंगड्या डोक्यावरून ओढून घेतात आणि धुरात तसेच नाचत राहतात. दुपारी ‘सुचिल’ येतात. वेताच्या उंच चौकटीवर एका रानवनस्पतीची चमच्याच्या आकाराची पांढरी, चकचकीत पाने आणि फुले विणलेली असतात. हा अर्पणविधी बार्रियोंच्या मूलनिवासी परंपरेतला आहे; शब्द नाहुआत्लमधील ‘शोचित्ल’, म्हणजे फूल, ह्यावरून आला. सुचिलांसोबत कोन्चेरो नर्तक असतात. आर्माडिलोच्या कवचापासून केलेले तंतुवाद्य ते वाजवतात, आणि त्यावरूनच त्यांना हे नाव मिळाले.

‘लोकोस’ म्हणजे वेड्यांच्या मिरवणुकीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. ती १३ जूनच्या पादुआच्या संत अंतोनीच्या सणानंतरच्या रविवारी निघते. हजारो लोक मुखवटे घालून नाचत जातात आणि बघ्यांवर मिठाया उधळतात. एक मत तिचे मूळ स्पेनमधील कार्निव्हल व कॉर्पस क्रिस्टीच्या सोंगांत शोधते. दुसरे मत असे : गावाच्या मळ्यांत काम करणारे माळी संत पास्क्वाल बायलोनच्या म्हणजे ‘नाचऱ्या’ पास्क्वालच्या सणाला नाचत. गर्दी रिंगणात शिरू लागली की बुजगावण्यासारखे कपडे घातलेले काही जण वेड्यासारखी धावपळ करून तिला मागे रेटत. हळूहळू मुख्य नाच मागे पडला आणि वेडेच उरले. मिरवणुकीत आजही पास्क्वालला मान आहे आणि तिच्या मेळ्यांना ‘क्वाद्रो’ ही नाचाच्या पथकाची संज्ञा आहे. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. बुजगावण्यांची जागा आता चित्रपटांतील पात्रांनी आणि राजकारण्यांच्या मुखवट्यांनी घेतली आहे.

मोहिगांगा ह्या कागदाच्या लगद्याच्या, माणसाच्या दुप्पट उंचीच्या बाहुल्याही स्पॅनिश मिरवणुकांमधूनच आल्या. आत शिरलेला माणूस बाहुलीच्या पोटावरील भोकातून वाट पाहतो. आता त्या मुख्यतः बाहेरून येऊन येथे लागणाऱ्या लग्नांच्या वरातीत भाड्याने नाचतात.

पवित्र सप्ताह ह्या सर्वांहून गंभीर आहे. त्याची सुरुवात ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारी होते. आदल्या मध्यरात्री आतोतोनिल्कोहून खांबाला बांधलेल्या ख्रिस्ताची मूर्ती निघते आणि रात्रभर चालून पहाटे शहरात पोचते. ही वारी १८२३ पासूनची सांगतात व तिचा संबंध एका साथीतून झालेल्या सुटकेशी जोडतात. मूर्तीला वाटेत इजा होऊ नये म्हणून ती भक्तांनी दिलेल्या रेशमी रुमालांत थरावर थर गुंडाळलेली असते; शहराच्या वेशीवर रुमाल एकेक करून सोडतात, तेव्हा चेहरा दिसतो. रस्त्यावर बडीशेपेचा पाला आणि कॅमोमाइलची फुले अंथरलेली असतात, आणि पाउलाखाली चुरडून त्यांचा वास सुटतो. आतोतोनिल्कोचे मंदिर लुईस फेलिपे नेरी दे आल्फारो ह्यांनी १७४० मध्ये सुरू केले. आतल्या भिंती व छत मिगेल आंतोन्यो मार्तिनेस दे पोकासांग्रे ह्यांच्या चित्रांनी भरले आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या प्रारंभी, १६ सप्टेंबर १८१० रोजी, युद्धाचे पुढारी धर्मगुरू मिगेल इदाल्गो ह्यांनी ग्वादालुपे मातेचे, म्हणजे मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीचे, निशाण येथूनच घेतले.

झावळ्यांच्या रविवाराआधीच्या शुक्रवारी घरोघर दुःखी मातेच्या, म्हणजे येशूची आई मेरी हिच्या, वेदी मांडतात. अंधारात उगवल्याने फिकट राहिलेले गव्हाचे अंकुर, सोनेरी कागदाच्या पताका टोचलेली कडू संत्री, जांभळे व पांढरे कापड. ‘मातेला रडू आले का?’ असे विचारत लोक दारी येतात, आणि तिचे अश्रू म्हणून फळांचे सरबत दिले जाते. ईस्टरच्या रविवारी चौकात दोरीवर टांगलेले, ख्रिस्ताचा घात करणाऱ्या जूडासचे कागदी पुतळे उडवतात.

बैलांना रस्त्यावर सोडण्याची ‘सानमिगेलादा’ १९७० नंतर रुजली आणि दारू व दंगलीमुळे २००० नंतरच्या दशकात बंद पडली.

१ व २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसांत दफनभूमी झेंडूने भरते. हे फूल मूळचे मेक्सिकोचेच. महाराष्ट्रात दसऱ्याला दारावर चढणारा झेंडू ह्याच भूमीतून जगभर गेला. शहराच्या दफनभूमीत परदेशी रहिवाशांसाठी वेगळा भाग आहे. त्या दोन दिवसांत तेथील थडगीही धुतली जातात आणि त्यांच्यावर मेणबत्त्या, पाव आणि झेंडूच्या पाकळ्या ठेवलेल्या दिसतात.